वेढा पडला तर काय करायचं? परंडा, मसादा, रामसेज आणि पन्हाळा: छोट्या दुकानदारासाठी पाच धडे



मागच्या महिन्यात धाराशिवला आपली एक दिवसाची बॅच झाली. जेवणाच्या सुट्टीत परंडा तालुक्यातल्या एक ताई भेटल्या. घरी शेवया आणि पापड करतात. त्या म्हणाल्या, "सर, माझी शेवई १२० रुपये किलो. गावात दुसरा एकजण आलाय मशीन घेऊन, तो ११० ला देतोय. मी पण ११० करू का?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. उलट विचारलं, "ताई, परंड्याचा किल्ला बघितलाय का?" त्या हसल्या. "सर, शाळेची सहल दरवर्षी तिथंच जायची. पण शेवयाचा आणि किल्ल्याचा काय संबंध?"

संबंध आहे, आणि बराच आहे. या आठवड्याच्या व्हिडिओत तो बारा मिनिटांत सांगायचा प्रयत्न केला, पण गणित सांगायचं राहून गेलं. ते इथं सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा.

आधी समजून घ्या: वेढा म्हणजे काय

लढाई एका दिवसात संपते. वेढा महिनोन्महिने चालतो. लढाईत ताकद बघतात, वेढ्यात दम बघतात. किल्ला घ्यायच्या चारच वाटा असतात, मग तो किल्ला सह्याद्रीतला असो नाहीतर रोमन काळातला.

पहिली, नाकेबंदी. रसद तोडायची आणि आतल्यांचा दाणागोटा संपायची वाट बघायची.
दुसरी, उंची गाठायची. मातीचा उतार चढवायचा किंवा लाकडी दमदमा उभा करून तटाच्या बरोबरीला यायचं.
तिसरी, तट फोडायचा. धडका, तोफा, सुरुंग.
चौथी, आतला माणूस फोडायचा. फितुरी.

आता तुमच्या दुकानाकडे बघा. समोर मोठं मार्ट आलं, गावात मशीनवाला आला, मोबाइलवर घरपोच माल यायला लागला. तुमच्यावरही याच चार वाटांनी कोणीतरी येतंय. फरक इतकाच की तोफेचा आवाज येत नाही. गल्ला हलका लागतो, बस्स.

धडा १: वेढा घालणाऱ्यालाही भूक लागते (परंडा, १६३१ आणि १६३४)

सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून करू. परंडा हा डोंगरी किल्ला नाही, भुईकोट आहे. आजूबाजूला कडा नाही, दरी नाही. संरक्षण म्हणजे खंदक आणि भक्कम दुहेरी तट. १६०० साली अहमदनगर मोगलांच्या हातात गेलं, तेव्हा मलिक अंबरनं निजामशाहीची गादी काही काळ इथंच मांडली होती. विजापूरला आज जी मलिक-ए-मैदान तोफ बघायला लोक जातात, ती १५४९ साली अहमदनगरला ओतली आणि १६३२ पर्यंत परंड्याला होती. ओतणारा कारागीर मुहम्मद, त्याच्या नावापुढे 'रूमी' लागतं. रूमी म्हणजे रूमचा. आपल्याकडचे लोक तेव्हा तुर्कस्तानाला रूम म्हणायचे, कारण तो मुलूख एके काळी रोमन साम्राज्याचा होता. म्हणजे रोम आपल्यापासून वाटतं तेवढं लांब नाही.

शाहजहानच्या काळात मोगल फौजेनं परंड्याला दोनदा वेढा घातला. १६३१ मध्ये आझमखान आला. तो दुष्काळाचा काळ होता, दख्खनमध्ये माणसांनाच खायला नव्हतं, तिथं घोड्यांना वैरण कुठली? वेढा उठवावा लागला. १६३४ मध्ये खुद्द शहजादा शुजा आणि महाबतखानासारखा मुरलेला सेनापती आला. मोठी फौज, तोफखाना, पैसा, सगळं होतं. पण वैरण लांबून आणावी लागायची, वाटेत आदिलशाही स्वार आणि शहाजीराजांची माणसं छापे घालायची. सरदारांचं आपसात पटत नव्हतं. पावसाळा जवळ आला आणि फौज बुऱ्हाणपूरला परत गेली. महाबतखान त्याच वर्षी वारला.

ही गोष्ट माझ्या विद्यार्थ्यांना मी मुद्दाम आधी सांगतो. आपण समोरचं चकचकीत मार्ट बघतो आणि घाबरतो. त्याचं भाडं, वीज, वीस माणसांचा पगार, गोदाम, गाडी हे आपल्याला दिसत नाही. त्याची 'ऑफर' म्हणजे त्याच्या घोड्यांची वैरण आहे, रोज लागते. तो ती कायम देऊ शकत नाही. उघडल्यावर पहिले काही महिने देतो, नंतर हळूच भाव वर नेतो.

म्हणून पहिला प्रश्न "तो किती मोठा आहे?" हा नसतो. "त्याला इथं बसून राहायला रोज किती खर्च येतो, आणि मला किती येतो?" हा असतो. जो मोठा, त्याचा खर्चही मोठा.

पण थांबा. हे ऐकून लगेच खुश होऊ नका. प्रत्येक वेढा पावसाळ्यात उठत नाही.

धडा २: शिस्तीनं बसलेला शत्रू (नुमान्शिया आणि मसादा)

रोमन लोकांची वेढ्याची पद्धत जगात गाजली, कारण ते घाई करत नव्हते. दोन उदाहरणं बघू, दोन्ही डोंगरावरच्या वस्तीची.

पहिलं स्पेनमधलं नुमान्शिया. टेकडीवरचं छोटं गाव, पण रोमच्या एकामागून एक सेनापतींना त्यानं वर्षानुवर्षं दाद दिली नाही. शेवटी इसवी सनपूर्व १३४ मध्ये स्किपिओ आला. आल्याआल्या त्यानं गावाकडे बघितलंसुद्धा नाही. आधी आपली छावणी साफ केली. फुकटे व्यापारी, ज्योतिषी, फालतू सामानसुमान सगळं बाहेर काढलं. सैनिकांना रोज खोदायला आणि चालायला लावलं. मग टेकडीभोवती सुमारे ९ किलोमीटरची भिंत घातली, बुरूज उभे केले. गावाजवळच्या नदीतून कोणी पोहून जाऊ नये म्हणून पात्यांनी मढवलेले ओंडके पाण्यात सोडून बांधून ठेवले. आतले लोक लढाईला या म्हणायचे, हा येतच नव्हता. इ.स.पू. १३३ मध्ये भुकेनं गाव शरण आलं.

इथं शिकायचं ते स्किपिओकडून. संकट आलं की आपण समोरच्याकडे बघत बसतो. त्यानं आधी स्वतःची छावणी बघितली. तुमच्या दुकानात वर्षभर न हललेला माल किती आहे? कोपऱ्यातला फ्रीज वीज खातोय, पण त्यात विकण्यासारखं काही आहे का? आधी ते.

दुसरं उदाहरण मसादा, मृत समुद्राच्या काठावरचा चारही बाजूंनी कडे असलेला डोंगर. राजा हेरोदनं तिथं आधीच मोठमोठी कोठारं आणि पाण्याची टाकी खोदून ठेवली होती. इसवी सन ७३-७४ च्या सुमारास रोमन सेनापती फ्लाव्हिअस सिल्व्हा तिथं आला. भोवती वाळवंट. त्याला पाणीसुद्धा लांबून आणावं लागत होतं. म्हणजे परंड्याच्या मोगलांसारखीच अवस्था. मग तो का उठून गेला नाही?

कारण त्यानं आतल्यांचा दाणागोटा संपायची वाट बघितलीच नाही. कोठारं भरलेली आहेत हे त्याला कळलं होतं. भोवती भिंत आणि आठ छावण्या बांधल्या, कोणी निसटू नये एवढ्यापुरत्या. मग डोंगराच्या पश्चिमेला बघितलं. तिथं मुळातच एक नैसर्गिक सोंड वर चढत गेली होती. त्याच सोंडेवर दगड, माती, लाकूड टाकत उतार चढवला. वर लोखंडानं मढवलेला मनोरा आणि धडक देणारा ओंडका नेला, तट फोडला. आतल्यांनी लाकूड-मातीची दुसरी भिंत घातली, ती जाळली. पुढचा शेवट फार दुःखद आहे. इतिहासकार जोसेफसच्या सांगण्यानुसार आतल्या ९६० माणसांनी शरण जाण्यापेक्षा मरण पत्करलं. दोन बायका आणि पाच मुलं वाचली. कोठारात धान्य तसंच शिल्लक होतं. ज्या घटनेत लेकरांसकट माणसं गेली तिची तुलना धंद्याशी करणं बरं नाही, म्हणून शेवटाबद्दल एवढंच. पण वेढ्याची पद्धत मात्र समजून घ्या.

गोदाम भरलेलं आहे म्हणजे आपण सुरक्षित, असं नसतं. समोरचा तुमची सगळ्यात उंच बाजू सोडून देतो आणि जिथं डोंगर आधीच उतरता आहे तिथून चढतो.

किराणा दुकानाची ती सोंड कोणती? पॅकबंद, एमआरपी छापलेला माल. साबण, बिस्किट, तेलाची पिशवी. तो मार्टला कंपनीकडून तुमच्यापेक्षा स्वस्त मिळतो, गिऱ्हाईकाला भाव तोंडपाठ असतो. तिथं तुम्ही कितीही माती टाका, तो वर येणारच. सुटा माल, निवडलेली डाळ, सणाचं सामान, सकाळी सहाला उघडणं, "काका, दळण पाठवून देतो" म्हणणं, हे तुमचे कडे आहेत. बचाव कड्यावर करायचा असतो.

गणित: तुमच्याकडे किती दिवसांचा दाणागोटा आहे?

आता माझी गोष्ट. ऐकायला बरी नाही, पण गणित खरं आहे. आकडे सोयीसाठी थोडे गोल केलेत.

वडिलांनी सुरू केलेलं आमचं किराणा-जनरल दुकान मेन रोडला भाड्याच्या गाळ्यात होतं. बीबीए करून मी गल्ल्यावर बसलो. काही वर्षांनी चालत पाच मिनिटांवर मोठं मार्ट उघडलं.

माझा महिन्याचा पक्का खर्च असा होता:
गाळाभाडं ९,०००
वीज २,५००
एक पोरगा कामाला ९,०००
बँकेचा हप्ता ८,५००
घरखर्च १५,०००
एकूण ४४,०००. म्हणजे रोजचे साधारण १,४६७ रुपये.

मार्ट यायच्या आधी रोजची विक्री १४,०००, मार्जिन सरासरी १२ टक्के, म्हणजे रोजचे १,६८०. खर्च जाऊन दोनशे-सव्वादोनशे उरायचे. हातात रोकड ६२,०००. लोकांकडे उधारी १,४०,०००.

मार्ट आलं आणि मी काय केलं? ताई विचारत होत्या तेच. भाव पाडले. विक्री तरी ११,००० वर आली, मार्जिन ७ टक्के झालं. रोजचे ७७०. खर्च १,४६७. रोज ६९७ रुपयांचा खड्डा. ६२,००० भागिले ६९७, म्हणजे ८९ दिवस.

भाव तसेच ठेवले असते तर? धरू की विक्री आणखी पडून १०,००० झाली असती. पण १२ टक्क्यांनी १,२०० मिळाले असते. खड्डा फक्त २६७ चा. ६२,००० भागिले २६७, म्हणजे २३२ दिवस.

बघितलं? रोज हजार रुपयांची विक्री जास्त दिसावी म्हणून मी माझ्या किल्ल्यातले १४३ दिवस जाळून टाकले.

आता उधारी घ्या. १,४०,००० मधले नेटानं मागून ६०,००० जरी आले असते, तरी त्या २६७ च्या हिशेबानं आणखी २२४ दिवस. एकूण सव्वा वर्ष. सव्वा वर्षात समोरच्याची ऑफर संपते, एक दिवाळी आणि एक लग्नसराई येऊन जाते. माझं धान्याचं कोठार लोकांच्या घरात पडलं होतं आणि मी मात्र किल्ल्यात उपाशी होतो. मागायची लाज वाटत होती, खरं कारण तेवढंच.

दोन महिन्यांत ४२ हजार गेले. दिवाळीचा माल भरायला आईच्या पाटल्या गहाण ठेवल्या. आईनं विचारलं नाही कशाला. फडक्यात बांधून दिल्या आणि म्हणाली, "दुकानाच्या पाटीवर तुझ्या बापाचं नाव हाय, एवढं ध्यानात ठेव." त्या रात्री पहिल्यांदा मी वहीवर हे गणित मांडलं. आधी मांडलं असतं तर पाटल्या घरातच राहिल्या असत्या.

सूत्र लिहून घ्या:
दाणागोट्याचे दिवस = हातातली रोकड ÷ (रोजचा पक्का खर्च − रोजची खरी कमाई)

यात उधारी धरायची नाही. रॅकवरचा माल धरायचा नाही. फक्त रोकड आणि बँकेतली शिल्लक.

धडा ३: तोफ नसेल तर लाकडाची करा (रामसेज, १६८२ पासून)

नाशिकच्या उत्तरेला रामसेज आहे. रायगड-राजगडापुढे तो लहानसाच. १६८२ मध्ये औरंगजेबानं मराठ्यांचे किल्ले घ्यायला सुरुवात केली तेव्हा इथं शहाबुद्दीनखानाला पाठवलं. वाटलं, काही दिवसांत येईल. तो किल्ला पाच वर्षांहून जास्त झुंजला.

शहाबुद्दीनखानानं सुरुंग लावले, लाकडाचा उंच दमदमा उभा केला. म्हणजे मसादाला जे झालं तेच, पद्धत सोळाशे वर्षांनीही तीच. फरक आत होता. मोगलांचाच इतिहासकार खाफीखान लिहितो की किल्ल्यात लोखंडी तोफा नव्हत्या, म्हणून किल्लेदारानं लाकडाची खोडं पोखरून, कातडं वापरून तोफा बनवल्या. आणि त्या दहा तोफांचं काम करत होत्या, असंही तोच म्हणतो. शत्रूच्या लेखणीतून आलेली शाबासकी आहे ही.

मग बहादूरखान आला. त्यानं एका बाजूला मोठ्या हल्ल्याचा देखावा केला आणि निवडक माणसं दुसऱ्या बाजूनं गुपचूप वर चढवली. किल्लेदार फसला नाही. त्यानंही गोंगाटाच्या बाजूला गोंगाट होऊ दिला आणि खरी माणसं शांत बाजूला दबा धरून बसवली. वर डोकं काढणारे खाली गेले. शेवटी तर मांत्रिकाच्या हातात सोन्याचा नाग देऊन पुढे चालवलं, अशीही कथा खाफीखानानं दिली आहे. मांत्रिकही उडाला आणि नागही.

दुकानदारासाठी यात दोन गोष्टी आहेत. मोठ्यांकडे जे साधन आहे ते माझ्याकडे नाही म्हणून रडत बसायचं नाही. त्यांच्याकडे अ‍ॅप आहे, तुमच्याकडे व्हॉट्सअ‍ॅप आहे आणि गल्लीतल्या शंभर घरांचे नंबर आहेत. त्यांच्याकडे डिलिव्हरीची गाडी आहे, तुमच्याकडे सायकल आहे आणि कुठल्या घरात आजी एकटी आहेत हे माहीत आहे. ही तुमची लाकडी तोफ.

दुसरी गोष्ट, गोंगाटाच्या मागे धावू नका. समोरच्यानं साखरेवर ऑफर लावली की सगळा बाजार साखरेकडे बघतो. त्याची कमाई साखरेत नसतीच. साखर घ्यायला आलेल्या माणसाच्या पिशवीत तो दुसरं काय टाकतो ते बघा. खरा चढाव तिथून असतो.

धडा ४: तट फुटत नाही तेव्हा माणूस फोडतात

आता रामसेजचा दुसरा भाग, जो व्हिडिओ बनवणारे बऱ्याचदा सांगत नाहीत. सुरुंगानं नाही, दमद्म्यानं नाही, नागानं तर नाहीच. शेवटी किल्लेदार बदलल्यावर मोगलांनी रामसेज पैसे देऊन घेतला.

माझ्याकडे सहा वर्षं एक पोरगा होता. कोणत्या घरात कोणता चहा जातो, कोणाला गव्हाचा कुठला वाण लागतो, सगळं त्याला पाठ. मार्टनं त्याला ११,००० देऊ केले. मी ९,००० देत होतो. दोन वर्षं पगार वाढवला नव्हता, "पुढच्या दिवाळीला बघू" म्हणत होतो. तो गेला. त्याच्याबरोबर चाळीसेक घरं गेली.

मी चार लोकांत त्याला फितूर म्हणालो. आज सांगतो, माझं चुकलं. फितुरी दोन हजारांत होत नाही, ती दोन वर्षांच्या "पुढच्या दिवाळीला बघू"त होते. त्याच्या घरात दोन लेकरं होती, त्यानं जे केलं ते मीही केलं असतं.

शिबंदी आधी सांभाळा. पैसे कमी असतील तर तसं स्पष्ट सांगा, हिशेब दाखवा, विक्रीवर थोडा हिस्सा द्या. आणि गिऱ्हाईकाची माहिती एकट्या माणसाच्या डोक्यात ठेवू नका. वहीत उतरवा.

धडा ५: किल्ला सोडता येतो, राजा वाचला पाहिजे (पन्हाळा १६६०, विशाळगड १७०२)

हा धडा मला सगळ्यात उशिरा कळला.

मार्च १६६० मध्ये शिवाजी महाराज पन्हाळ्यावर होते आणि सिद्दी जौहरनं वेढा घातला. पन्हाळ्यावर गंगा, यमुना, सरस्वती अशी तीन प्रचंड धान्यकोठारं आहेत, त्यामुळे लगेच उपासमार नव्हती. सगळ्यांचा भरवसा पावसावर होता. पाऊस आला की वेढा ढिला पडतो, हा नेहमीचा अनुभव. पण जौहरनं पावसातही वेढा ढिला पडू दिला नाही. राजापूरचे इंग्रजही तोफा घेऊन त्याच्या मदतीला आले. म्हणजे परंड्याला जे चाललं ते इथं चाललं नाही.

महाराजांनी काय केलं? शरण येतो अशी बोलणी लावली. वेढा थोडा गाफील झाला. १२ जुलैच्या रात्री, भर पावसात, निवडक माणसांनिशी विशाळगडाकडे निघाले. शिवा काशीद महाराजांच्या वेशात दुसऱ्या पालखीत बसले आणि पकडले गेले. घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे उभे राहिले. ते दोघंही परत आले नाहीत. महाराज विशाळगडावर पोहोचले.

पुढचं वाक्य नीट वाचा. सप्टेंबरमध्ये महाराजांनी पन्हाळा आदिलशाहाला देऊन टाकला. ज्या किल्ल्यासाठी चार महिने झुंजले तो तह करून सोडला. कारण त्याच वेळी शाहिस्तेखान पुण्यात येऊन बसला होता, दोन्हीकडे लढायला बळ नव्हतं. आणि मार्च १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदनं ६० माणसांनिशी तोच पन्हाळा परत घेतला. तेरा वर्षांनी.

विशाळगडाचंही तसंच. डिसेंबर १७०१ ते जून १७०२ औरंगजेबाची फौज तिथं अडकली. परशुराम त्र्यंबक प्रतिनिधींनी पावसाळ्यापर्यंत किल्ला झुंजवला आणि मग दोन लाख रुपये घेऊन खाली केला. मोगल फौजेला त्या पावसात तिथून पन्हाळ्याकडचं तीसेक मैलांचं अंतर कापायला महिन्याहून जास्त लागला. माणसं, जनावरं, तंबू, सगळं ओढ्या-चिखलात गेलं. बादशाहानं किल्ला जिंकला की हरला, तुम्हीच ठरवा.

माझ्या दुकानात राजा कोण होता? मला वाटायचं मेन रोडचा गाळा. तो नव्हता. राजा म्हणजे आमची निवडलेली डाळ आणि मसाले, ज्यासाठी लोक लांबून यायचे, आणि वडिलांच्या नावावरचा विश्वास. गाळ्याचा करार संपल्यावर मी नूतनीकरण केलं नाही. शाळेच्या गल्लीत ४,००० भाड्यात छोटी जागा घेतली. साबण-बिस्किट जवळपास बंद केलं. सुटी डाळ, मसाला, वर्षभराचं धान्य भरून देणं आणि मेस-चहावाल्यांना रोजचा पुरवठा एवढंच ठेवलं. पाटी काढताना मेन रोडवरचे दोघं-तिघं म्हणाले, "हरला बघ पोरगं." वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण पाटी तीच नव्या जागेवर लावली. दीड वर्षानं आईच्या पाटल्या सोडवल्या.

मागे हटणं आणि हरणं यात फरक आहे. हातात काही शिल्लक असताना, आपण ठरवलेल्या दिवशी निघालो तर ते मागे हटणं. रोकड शून्य झाल्यावर घरमालकानं कुलूप लावलं तर ते हरणं.

मग ताईंच्या शेवयाचं काय झालं?

त्यांना वहीवर एवढंच मांडायला लावलं. किलोला खर्च ९६, विक्री १२०, हातात २४ रुपये. महिन्याला १०० किलो म्हणजे २,४०० रुपये. भाव ११० केला की हातात १४. तेच २,४०० मिळवायला किती किलो लागतील? २,४०० भागिले १४, म्हणजे १७२ किलो. "ताई, हात दोनच आहेत. बहात्तर किलो जास्त कोण करणार?"

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "सर, मशीनची शेवई भाताच्या पातेल्यात विरघळती. पुण्या-मुंबईला राहणाऱ्या पोरींच्या घरी माझीच जाती." बघा, कडा कुठं आहे ते त्यांना आधीच माहीत होतं. आता त्या गावात भाव पाडत बसलेल्या नाहीत. बाहेरगावी पाठवायची अर्धा किलोची पाकिटं करताहेत. चालेल की नाही, हे उन्हाळा संपल्यावर कळेल. तेव्हा आकडे घेऊन या म्हणून सांगितलंय.

या आठवड्याचा गृहपाठ

१. तुमचा रोजचा पक्का खर्च काढा. घरखर्च आणि हप्ता सोडू नका.
२. वरच्या सूत्रानं दाणागोट्याचे दिवस काढा. ९० पेक्षा कमी असतील तर नवा माल भरू नका, आधी उधारी वसूल करा. रोज तीन फोन, त्यापेक्षा जास्त नाही. नम्रपणे, पण तारीख ठरवून घ्या.
३. दोन याद्या करा. 'माझी सोंड' म्हणजे जिथं समोरचा सहज चढतो तो माल, आणि 'माझा कडा' म्हणजे जिथं तो येऊच शकत नाही ते काम. पुढच्या महिन्यात पैसा कड्यावर लावा.
४. कामावरच्या माणसाशी पगाराचं बोलणं शेवटचं कधी झालं, ती तारीख लिहा. तारीख आठवत नसेल तर आजच बोला.
५. एका कागदावर लिहा: "माझ्या हातात ____ रुपये उरले की मी हा गाळा सोडीन." आकडा आज लिहायचा, डोकं शांत असताना. कागद गल्ल्यात ठेवा.

आणि एखाद्या रविवारी परंड्याला जाऊन या, लेकरांना घेऊन. तटावर उभं राहून बाहेरच्या मोकळ्या रानाकडे बघा. तिथं एके काळी बादशाहाची फौज बसली होती, आणि वैरण संपली म्हणून उठून गेली. मग घरी येऊन वही उघडा आणि आपल्याकडं किती दिवसांची वैरण आहे ते मोजा.

पुढच्या वेळी उधारी मागायची कशी, यावर बोलू. नाती न तोडता. भेटूया.